पाटीवरचं नाव

२ जुलै २०२४, मंगळवार

पहाटे सव्वातीनला फोन. वसईतल्या गासकडची वाडी. "दादा, आई गेली," एवढंच बोलून मुलगी गप्प झाली. अशा वेळी मी पत्ता नंतर विचारतो. आधी दोनच प्रश्न. डॉक्टर येऊन गेले का, आणि डोळे मिटलेत का. दुसऱ्या प्रश्नाने समोरच्या माणसाला काहीतरी करायला मिळतं. ती उठते, आईजवळ जाते, पापण्यांवर हात ठेवते. तोवर मी गाडी काढतो.

पोचलो तेव्हा अंग अजून ऊबदार होतं. दोन-तीन तासांत जबडा आणि मान ताठायला लागते, मग हातपाय. त्याआधी करायचं ते झालं पाहिजे. मऊ सुती पट्टी हनुवटीखालून डोक्यावर नेऊन बांधली, मानेखाली उशी बारीक केली. मग हात. हे काम मी भाच्यावर सोडत नाही. म्हातारीची बोटं शेतीने वाकलेली, पानवेली खुडून टोकं काळी पडलेली. ती ओढून सरळ करायची नसतात. तळहाताला मागून आधार द्यायचा, अंगठा आत घ्यायचा, एकेक बोट तिच्याच सवयीच्या वळणाने मिटवायचं. रोजरी त्या बोटांत घातली तेव्हा मुलगी म्हणाली, "अशीच धरायची ती." तेव्हा मला कळलं की बरोबर झालं.

लुगडं त्यांनी काढूनच ठेवलं होतं. लाल, घडीत डांबरगोळ्या. नऊवार निजलेल्या अंगाला नेसवणं सोपं नाही. वाडीतल्या चार बायका आल्या, मी बाहेर ओटीवर गेलो. अर्ध्या तासाने हाक आली. कासोटा अगदी नीट बसला होता.

मुलगा कुवेतहून उद्या दुपारी पोचेल. शीतपेटी लावली. पावसात वीज जाते, म्हणून जनरेटर ठेवून आलो.

कागद मांडला. मृत्यू घरी झाला, म्हणून डॉक्टरांचा चार-अ नमुन्यातला दाखला. नावाच्या रकान्याशी थांबलो. आधारवर एक स्पेलिंग, बँकेच्या पासबुकात दुसरं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत तिसरं, जुन्या पोर्तुगीज वळणाचं. आणि अख्खा गाव तिला ज्या नावाने हाक मारी ते चौथं. ते कुठल्याच कागदावर नाही.

३ जुलै, बुधवार

रात्रभर पाऊस. सकाळी दफनभूमीत खणायला घेतलं तर खड्ड्यात कमरेएवढं पाणी. आमच्या किनारपट्टीला हे दरवर्षीचं आहे. जुलैत दोन हात खणलं की खालून पाणी वर येतं, आणि जमीन रेताड असेल तर कडा ढासळतात. वडील सांगायचे, पावसाळ्यात खड्डा आदल्या दिवशी खणू नये, पण खणायची जागा मात्र आदल्या दिवशी ठरवावी. मी दोन्हीकडून फळ्या लावतो, मधे बांबूचे आडवे टेकू देतो आणि पंप मिस्सा संपेपर्यंत चालू ठेवतो. मिस्साची शेवटची प्रार्थना सुरू झाली की भाचा पंप बंद करतो, पाइप गुंडाळतो, आणि तळाशी कोरड्या वाळूच्या चार पाट्या ओततो. पेटी पाण्यात उतरताना घरच्यांनी पाहू नये. आवाज तर मुळीच ऐकू नये.

आज ते जमलं.

नावाचं मात्र जमलं नाही. पेटीवरची पितळी पाटी मी आधारप्रमाणे करून घेतली होती. कुवेतहून आलेल्या मुलाने ती वाचली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दादा, आडनाव चुकलंय. आमचं लोपीस, लोपेस नाही." आमच्या वसईत ही दोन्ही एका गल्लीत नांदतात. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. पाटी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर ब्रशने लिहिलं. रंग ओला असतानाच पेटी खाली गेली.

चूक माझीच. कागद पाहिला, माणसाला विचारलं नाही. आजपासून पाटी घडवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून नाव कागदावर लिहून घ्यायचं, त्याच्याच हस्ताक्षरात.

११ जुलै, गुरुवार

लोहमार्ग पोलिसांचा निरोप आला. नालासोपारा आणि विरारच्या मधे रुळावर मिळालेला तरुण. आठवडा होत आला तरी कोणी आलं नाही. शववाहिनीचा आणि लाकडाचा खर्च महापालिका बघते. पांढरं कापड आणि फुलं माझी. वडील असताना हे सुरू झालं, ते मी थांबवलं नाही.

पंचनाम्यावर नवं कलम दिसलं. अकस्मात मृत्यूला इतकी वर्षं १७४ लिहायचे. या १ जुलैपासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आता १९४. हवालदारसाहेबांनी सवयीने जुनं लिहून खोडलं होतं. नावाच्या जागी 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०'.

वडिलांच्या वहीत अशा माणसांच्या नोंदी आहेत. तारीख, ठिकाण, हवामान, अंगावर काय होतं, तोंड कुठल्या दिशेला ठेवलं. त्यांच्या वहीत पत्त्यापुढे 'जि. ठाणे' आहे. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून माझ्या वहीत 'जि. पालघर'. बाकी नोंद तशीच ठेवली आहे. आजची: उजव्या मनगटाच्या आत गोंदण, देवनागरीत दोन अक्षरं, बहुधा बाईचं नाव. निळा शर्ट, खिशात कंगवा. पाऊस उघडला होता. अग्नी संध्याकाळी साडेपाचला. चेहऱ्यावर कापड मी स्वतः घातलं.

२५ जुलै, गुरुवार

फादर दिब्रिटो गेले. सकाळीच बातमी आली आणि दिवसभर फोन थांबला नाही. जो तो विचारी, किती वाजता, कुठे. माझ्याकडे काम म्हणून काही नव्हतं. मी अंत्यविधीला नंदाखालला इतरांसारखाच गेलो, छत्री घेऊन. पाऊस असा की छत्रीचा उपयोग नव्हता.

गर्दीत ख्रिस्ती जेवढे, तेवढेच इतर. 'सुवार्ता' मासिक त्यांनी अनेक वर्षं चालवलं. बायबल सोप्या मराठीत आणलं. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या खुर्चीत एक ख्रिस्ती धर्मगुरू पहिल्यांदाच बसला. त्या वेळी वसईत आम्ही किती मान ताठ करून फिरलो! पण मला ते जास्त आठवतात हरित वसईच्या लढ्यातले. झाडं आणि विहिरी राहिल्या पाहिजेत, म्हणून त्यांनी धमक्या सोसल्या. माझा धंदा लाकडाचा. त्यांच्यामुळे मी आंब्याचं एखादं झाड तोडायला निघालेल्या माणसाला दोनदा विचारायला शिकलो.

माझ्या शेजारी नालासोपाऱ्याहून आलेले एक निवृत्त शिक्षक भिजत उभे होते. म्हणाले, "आमच्यात कोणी मोठा माणूस गेला की मागून चार शब्द बोलतात. इथे सगळे गप्प कसे?" मी म्हटलं, गाणी ऐका. मराठी भक्तिगीतं सुरू झाली आणि तेही शब्द पुटपुटू लागले.

१० ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस वाईट गेला.

एका खासगी रुग्णालयातून एक आजोबा घ्यायचे होते. रुग्णालयाचं नाव इथे लिहीत नाही. सकाळी नऊला शववाहिनी दारात लावली. बिलातले काही पैसे बाकी होते. काउंटरवरून सांगितलं, पूर्ण भरा मग पास मिळेल. मुलगा रिक्षा चालवतो. तो पैसे गोळा करत फिरत राहिला. आम्ही दुपारी तीनपर्यंत उभे. सहा तास. आजोबांच्या घरी तिरडी बांधून झाली होती, शेजारपाजारचे अंगणात बसून राहिले, पोराटोरांना उपाशी ठेवलं होतं, कारण मयत हलेपर्यंत आमच्या भागातल्या चाळीत चूल पेटत नाही.

त्याच काउंटरच्या वर भिंतीला रुग्णहक्कांची सनद लावलेली. बिलासाठी पार्थिव अडवून ठेवता येत नाही, हे त्यात छापलेलं. मी ती ओळ बोटाने दाखवली. काउंटरवरची पोरगी नोकरीवाली, तिचे डोळे भरले. तिला दोष देऊन काय उपयोग? आत मोठ्या डॉक्टरांना भेटलो. आवाज चढवला नाही. चढवला की घरच्यांना आणखी उशीर होतो, हे मी शिकलोय. शेवटी सही मिळाली.

रागात रात्री दुकानाचं दरपत्रक पुन्हा लिहून मोठ्या अक्षरात बाहेर लावलं. पेटीचे तीन दर, गाडी, शीतपेटी, तिरडीचं सामान. खाली एक ओळ घातली: पैसे नंतर दिले तरी चालतील, काम थांबणार नाही. आमच्या धंद्यात दुःखातल्या माणसाला दर विचारायची लाज वाटते, आणि त्या लाजेवर पुष्कळांनी घरं बांधली. तो पैसा मला नको.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आजचं दफन पेटीशिवाय. आमच्याकडच्या काही पॅरिशमध्ये काही वर्षांपासून हे चालू आहे, आता लोक स्वतःहून मागतात. चर्चमध्ये एक कायमची पेटी असते, तिच्यातून मिस्साला आणायचं, आणि खड्ड्याशी आल्यावर सुती कापडात गुंडाळलेला देह फळीवरून खाली सोडायचा. कारण साधं आहे. पॉलिश केलेलं लाकूड, नायलॉनचे कपडे, सॅटिनचं अस्तर, स्पंजची उशी, हे काही मातीत लवकर जिरत नाही. जागा परत वापरायला उघडली की जसंच्या तसं निघतं. मी स्वतः काढलंय, कित्येक वर्षांनी, बटणांसकट. दफनभूमी तेवढीच आणि माणसं वाढलेली.

भाचा काळजीत आहे. "मामा, पेट्या बंद झाल्या तर आपण काय करायचं?" पेटी हाच आमचा मुख्य धंदा. आजोबांनी सुरू केला तेव्हा माप घ्यायला टेप नव्हता, ते सुतळीला दोन गाठी मारून आणायचे, एक उंचीची, एक खांद्यांची. मी त्याला म्हटलं, आपण लाकूड विकत नाही. म्हटलं खरं, पण रात्री हिशोब मांडला तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला. तरीही हे बरोबर आहे. कापडाचं दफन मी स्वतः पाहिलं आणि मला पटलं. पेटी उतरताना दोर करकरतात, लाकूड कडेला आपटतं. आज काहीच आवाज झाला नाही. सहा जणांनी हातांवर घेतलं, जसं झोपलेल्या पोराला पलंगावर ठेवतात. आईने पहिली मूठ टाकली ती थेट कापडावर पडली.

एकच अडचण. पेटी नाही तर पाटी नाही. म्हणून आता क्रूसावरचं नाव मी त्याच दिवशी लिहून नेतो. पूर्वी तो आठवड्याने लागे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पितृपक्ष लागला. हिंदू घरांची कामं असतातच, पण आज आखाती कामगार. सहार विमानतळाच्या कार्गोतून पार्थिव घ्यायचं होतं. कागदांचा गठ्ठा: तिथला मृत्यूचा दाखला, वकिलातीचं ना हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, शवलेपनाचा दाखला. सगळ्यावर नाव एकसारखं आहे की नाही हे मी तीनदा पाहतो. एका अक्षराने गाडी चार तास अडलेली मी पाहिली आहे.

तिकडची पेटी आमच्यापेक्षा पुष्कळ रुंद आणि जड असते. आतून जस्ताचा पत्रा, कडेने डाग दिलेला. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडून मोठी चूक झाली होती. खड्डा नेहमीच्या मापाचा खणला आणि पेटी मधेच अडकली. बायको समोर उभी, आणि आम्ही तिच्या नवऱ्याची पेटी परत वर घेतली, कुदळी मागवल्या, वीस मिनिटं खणत राहिलो. ती बाई काही बोलली नाही. आजही बाजारात भेटली की हसून विचारपूस करते, आणि मी मान खाली घालतो. तेव्हापासून मी एअरलाइनकडून आधी माप मागवतो, नाहीतर घरी आमच्या पेटीत घेतो.

आज आमच्या पेटीत घेतलं. पत्रा कापायच्या आधी घरच्यांना आतल्या खोलीत पाठवलं. तो आवाज त्यांच्या कानावर जाऊ नये. दहा वर्षांचा मुलगा मात्र दाराच्या फटीतून पाहत होता. नंतर तो बाहेरच्या लाकडी झाकणाशी गेला, अरबी अक्षरांखालचं इंग्रजी नाव बोट ठेवून वाचलं, आणि मला म्हणाला, "हे मला हवं." झाकणाची तेवढी फळी मी करवतीने काढली, कडा घासल्या, काचेच्या कागदाने गुळगुळीत करून दिली.

२ ऑक्टोबर, बुधवार

सर्वपित्री. तिरडीचं सामान संपत आलं होतं म्हणून सोपाऱ्याला बांबू आणायला गेलो. परत येताना स्तूपापाशी थांबलो. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात. बांबू ज्यांच्या हातचा, त्या बुरुडांचं नाव या टेकाडाला कसं लागलं, याचा मी लहानपणापासून विचार करतो. आजूबाजूला पोरं क्रिकेट खेळत होती.

१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप उघडला. आत दगडाची मोठी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याच्या खापऱ्या निघाल्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे, अशी श्रद्धा. पेट्या करणाऱ्या घरातला माणूस म्हणून मला ते काम करणाऱ्या कारागिरांचा हात दिसतो. एक झाकण दुसऱ्यात किती अचूक बसवलं असेल! आणि सगळ्याच्या पोटात काय, तर कुंभाराचं खापर. तिरडीपुढे धरायचं मडकं माझ्या गाडीत होतं, सुतळीच्या शिंक्यात.

दुपारी दुकानात एक माणूस वाट पाहत बसला होता. उत्तर प्रदेशातून आलेला, दोन रात्रींचा प्रवास, पायांत स्लिपर. लोहमार्ग पोलिसांनी फोटो आणि कपडे दाखवून ओळख पटवली होती. जुलैतला तो तरुण, त्याचा धाकटा भाऊ. कारखान्यात कामाला होता, मोबाइल हरवला असेल म्हणून घरी महिनाभर कोणी घाबरलं नाही. पोलिसांनीच माझा पत्ता दिला.

मी वही काढली. तो मराठी वाचू शकत नव्हता, मी हिंदीत सांगत गेलो. कुठे, किती वाजता, लाकूड कोणतं, पाऊस होता की नव्हता. गोंदण म्हणजे आईचं नाव होतं. त्याने एकच विचारलं, "मुँह ढँका था?" मी म्हटलं, हो, मीच झाकलं, नवीन कापडाने. तो बराच वेळ मान हलवत राहिला. चहा घेतला नाही, पाणी प्यायला.

संध्याकाळी त्याला स्मशानभूमीत नेलं. जागा दाखवली. तो चपला काढून उभा राहिला आणि तिथली चिमूटभर माती रुमालात बांधून घेतली. मृत्यूच्या नोंदीत नाव चढवायला महापालिकेच्या कुठल्या खिडकीत जायचं, पोलिसांचं कुठलं पत्र लागेल, ते एका कागदावर हिंदीत लिहून दिलं. भाचा उद्या बरोबर जाईल. एकवीस दिवसांच्या आत नोंद असली की सगळं सोपं असतं. इथे नोंद आहे, पण नावाशिवाय. प्रतिज्ञापत्र लागेल. गावची तीन बिघे जमीन त्या दाखल्यावर अडली आहे, आणि त्याहून त्याची आई.

२ नोव्हेंबर, शनिवार

मृतांचा दिन आणि दिवाळीचा पाडवा यंदा एकाच दिवशी आले. सकाळपासून दफनभूमीत माणसंच माणसं. गवत काढलेलं, चुना मारलेला, झेंडूचे हार, मेणबत्त्या. बाहेरच्या रस्त्यावर फटाके आणि नवे कपडे घातलेली पोरं. शेजारच्या हिंदू घरांतून फराळाची ताटं येत होती, ती कबरींजवळ बसूनच खाल्ली.

जुलैतल्या त्या मावशींच्या क्रूसापाशी त्यांची मुलगी मेणबत्ती लावत होती. क्रूसावर आडनाव बरोबर आहे. मुलाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, तो कागद मी वहीत चिकटवून ठेवलाय. मुलगी म्हणाली, "दादा, एक सांगू? लहान मुलं येतात आणि विचारतात, बायची कबर कुठली. क्रूसावरचं हे नाव त्यांना माहीतच नाही." मी डबा आणि बारीक ब्रश गाडीतून आणला. घरचं नाव तिने सांगितलं, तीन अक्षरं. मी ते मोठ्या नावाच्या खाली, जरा लहान, पण स्वच्छ लिहिलं. मुलीने एक अक्षर दीर्घ करून घेतलं. शेजारच्या कबरीवरच्या आजीने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हां, आता ती."

अक्षरं वाळेपर्यंत उभा राहिलो. कोणाचा हात लागू नये म्हणून.

तेवढ्यात फोन. विरार पूर्व, चाळीतलं घर, आई गेली, पहाटे. पाडव्यामुळे बाजार बंद, सामान कुठे मिळेल, असं मुलगा विचारत होता. मी म्हटलं, सामान मी आणतो, तुम्ही आईजवळ बसा. डॉक्टर आले का? डोळे मिटलेत का? आणि एका कागदावर आईचं पूर्ण नाव लिहून ठेवा, घरात जे म्हणत असाल तेही.

भाच्याने बांबू, सुतळी, गोवऱ्या, कापड गाडीत टाकलं. मडकी दोन घेतली. वाटेत खड्डे फार आहेत.